वळणापलीकडची बाग: नदीकाठी शांत जागा कशी शोधावी

नदीकाठी जाऊन हिरमुसून परत आलेल्यांसाठी हा लेख आहे. शहर तुम्हाला नवं आहे. नदी आहे म्हणून कळतं, तुम्ही हौसेने जाता, आणि तिथे बोटीच्या तिकिटांची रांग, फोटोसाठी ताटकळलेले घोळके, कुठून तरी लाउडस्पीकर. बसायला जागा मिळते, पण समोर वाहणारं पाणी काही ऐकू येत नाही.

माझंही सुरुवातीची काही वर्षं असंच व्हायचं. गर्दी दिसली की मी काठाकाठाने लांब चालत सुटायचे. अर्धा तास चालून पाय दुखायचे आणि रस्त्याची घरघर तशीच कानात. बऱ्याच फेऱ्या वाया गेल्यावर एक गोष्ट उमगली, आणि पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे: शांत जागा शोधताना अंतर मोजू नका, आडोसा शोधा. नदीचं वळण, उतरायच्या पायऱ्या, मधली भिंत, उंच बांध, पूल नसलेला काठ, यातलं काहीही आडोसा होऊ शकतं. माणसं सोप्या वाटेने जातात आणि आवाज सरळ रेषेत येतो. दोघांनाही अडवणारी जागा शहराच्या अगदी मध्यातही असू शकते.

आधी ठरवा: माणसं नकोत की आवाज नको?

हा प्रश्न फुटकळ वाटतो, पण याचं उत्तर न ठरवता निघालात तर चुकीच्या बागेत पोचाल. माणसं नसलेली जागा बऱ्याचदा हमरस्त्याच्या कडेला सापडते. तिथे कुणी बसत नाही कारण तिथे बसवतच नाही. आवाज नसलेली जागा मात्र पाच-दहा जणांनी आधीच हेरलेली असते, आणि ते सगळे तुमच्यासारखेच गप्प बसायला आलेले असतात. पुस्तक वाचायचं असेल, मन निवांत करायचं असेल, तर माझ्या मते दुसरी जागा निवडावी. चार शांत माणसांचा त्रास होत नाही, आणि आसपास कुणीतरी असल्याने एकट्याने बसायला धीरही येतो.

घरी बसून नकाशा वाचा

पहिला तास नकाशाला द्या. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनीच भरत नेलेला नकाशा या कामाला फार चांगला आहे, कारण त्यात पायवाटा, पायऱ्या, फाटकं आणि कित्येक ठिकाणी बाकंसुद्धा दाखवलेली असतात. गाडीसाठी बनवलेल्या नकाशांत हे तपशील बहुधा गळतात.

आधी गर्दीच्या जागांवर खुणा करा: बोटींचा धक्का, प्रसिद्ध पूल, संग्रहालय, मोठा वाहनतळ. आता त्याच जागांच्या समोरचा काठ पाहा. पर्यटक सहसा एकाच काठावर साचतात, कारण बघायच्या गोष्टी तिथेच असतात. समोरच्या काठावर उतरायला जवळ पूल नसेल तर तो काठ बराचसा मोकळा असतो. दोन पुलांमधलं अंतर जिथे सर्वांत जास्त आहे, त्या तुकड्याच्या मधोमध नजर ठेवा. दोन्ही पुलांवरून येणारा माणूस तिथपर्यंत येईतो कंटाळून मागे फिरतो.

मग नदीला मिळणारे ओढे आणि छोट्या उपनद्या शोधा. शहराचं सगळं कौतुक मुख्य नदीला मिळतं. तिला येऊन मिळणाऱ्या लहान प्रवाहाच्या काठची, जेमतेम एका घराएवढी बाग कुणाच्या यादीत नसते. नदीपाशी येऊन संपणारे, पुढे वाट नसलेले रस्तेही टिपून ठेवा. तिथे वाहनांची ये-जा नसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नकाशावर बागेचा हिरवा तुकडा नदीच्या निळ्या पट्ट्याला खरोखर चिकटलेला आहे का, ते नीट मोठं करून पाहा. मध्ये रस्त्याची बारीक रेघ असेल तर ती बाग नदीकाठची राहिलेली नाही. लंडनची चेल्सी फिजिक गार्डन १६७३ साली थेम्सच्या काठावर सुरू झाली, औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी. दोनशे वर्षांनी, १८७४ मध्ये तिथला नवा बांध आणि त्यावरचा रस्ता पुरा झाला आणि बाग पाण्यापासून तुटली. आज ती सुंदर आहे, भिंतीआड आहे, पण तिथे बसून नदी दिसत नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तर याहून वेगळं घडलं. १९५७ च्या भीषण पुरानंतर तुरिया नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली गेली, आणि जुन्या कोरड्या पात्रात सुमारे ९ किलोमीटर लांबीची बाग उभी राहिली. ती पाहण्याजोगीच आहे. फक्त पाण्याच्या ओढीने जाणाऱ्याने आधी हे माहीत करून घ्यावं. बागेच्या नावातली नदी आणि आज तिथून वाहणारी नदी या दोन गोष्टी आहेत.

नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, दिसत असतील तर त्याही पाहा. काठाजवळ या रेषा दाटीने आल्या असतील तर रस्ता वर आणि पाणी बरंच खाली आहे. असा उतार म्हणजे तयार आडोसा. एक बारीक गोष्ट नवख्यांना गोंधळात पाडते: डावा काठ आणि उजवा काठ हे पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून ठरवतात. पाटी वाचताना किंवा कुणाला वाट विचारताना हे ठाऊक असलेलं बरं.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी उलटे वाचते. ‘इथे बघण्यासारखं काहीच नाही’, ‘खाण्यापिण्याची सोय नाही’, ‘गाडी लावायला जागा नाही’, अशी तक्रार दिसली की ती बाग माझ्या यादीत वर जाते. फोटोही तपासते. सगळे फोटो एकाच कोनातून काढलेले असतील तर लोक एकाच जागी उभे राहून परततात आणि बाकीची बाग रिकामी असते, असं समजायला हरकत नाही. मात्र ‘अंधार असतो’, ‘असुरक्षित वाटलं’ हे शब्द दिसले तर ती जागा सोडून द्या.

आवाजाचं गणित

इथे थोडं थांबू, कारण नदीकाठची निराशा बहुतेक वेळा याच ठिकाणी होते.

एका जागी असलेला आवाज, समजा एखादा जनरेटर, उघड्यावर अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचं माप) उतरतो. वाहत्या रस्त्याचं तसं नाही. रस्ता ही आवाजाची लांबच लांब रेघ असते, त्यामुळे तिच्यापासून अंतर दुप्पट केलं तरी जेमतेम ३ डेसिबल कमी होतात, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला कसाबसा जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे रस्त्यापासून ५० मीटरवर बसला असाल तर मोकळ्या मैदानात तेवढ्या फरकासाठी ५०० मीटरपर्यंत जावं लागेल. माझी ती अर्ध्या तासाची पायपीट का वाया जायची ते यात आलं.

आता आडोसा पाहा. रस्ता आणि तुमचे कान यांच्यामधली सरळ रेषा नुसती तुटली, म्हणजे भिंत किंवा बांध इतका उंच असला की गाड्या दिसेनाशा झाल्या, तरी सुमारे ५ डेसिबल लगेच कमी होतात. भिंत आणखी उंच असेल तर त्याहून जास्त. म्हणून वरच्या रस्त्यावरून दहा-पंधरा पायऱ्या उतरून पाण्याच्या पातळीला आलं की एकाएकी कान मोकळे होतात. पॅरिसमध्ये पों नफ हा पूल सेन नदीतल्या बेटाच्या टोकावरून जातो. त्याच्या जिन्याने खाली उतरलं की व्हेर-गालां नावाची छोटी बाग लागते. ती वरच्या रस्त्यापेक्षा सुमारे ७ मीटर खाली, बेटाच्या जुन्या पातळीवर आहे. तीही आता अनेकांना ठाऊक झाली आहे आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे दाटी होते. पण वरचा पूल आणि खालची बाग यांतला फरक एकदा अनुभवला की कुठल्याही शहरात तुमची नजर आपोआप पायऱ्या शोधू लागते.

झाडांवर मात्र फार विसंबू नका. झाडांची एखादी रांग डोळ्यांना निववते, आवाज फारसा अडवत नाही. त्यासाठी ३० मीटर जाडीची, खालपासून वरपर्यंत दाट झाडी लागते, आणि तेव्हाही ५ डेसिबलच्या आसपासच फरक पडतो. पानांची सळसळ कानाला गुंतवते हे खरं, आणि तिचा उपयोग होतोच.

याच न्यायाने पाण्याचा स्वतःचा आवाज तुमचा सोबती आहे. न्यूयॉर्कच्या भर वस्तीत १९६७ साली पेली पार्क नावाची एक चिमुकली बाग झाली. तिच्या मागच्या भिंतीवरून सुमारे ६ मीटर उंचीचा धबधबा सोडला आहे. धबधबा चांगला मोठ्याने कोसळतो, आणि तरीही तिथे लोकांना शांत वाटतं, कारण त्या एकसारख्या आवाजाखाली गाड्यांचे तुटक आवाज बुडून जातात. नदीकाठी हेच काम खळाळ करतो, म्हणजे जिथे पाणी उथळ होऊन दगडांवरून वाजत जातं ती जागा. खळाळापासून आठ मीटरवर बसण्याऐवजी चार मीटरवर बसलात तर तो लक्षात येण्याइतका मोठा ऐकू येतो आणि मागची घरघर विरते.

रुंद नदी असेल तर एक फसवणूक ध्यानात ठेवा. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून आवाज विनाअडथळा येतो. त्यातही पहाटे आणि संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, आणि आवाज गार हवेकडे, म्हणजे खाली वाकतो. त्यामुळे समोरच्या काठावरची बोलणीसुद्धा स्पष्ट ऐकू येतात. समोर वर्दळीचा रस्ता असेल तर तुमच्या पाठीमागची बाग कितीही निवांत असो, उपयोग नाही. अशा वेळी वळणाच्या पलीकडे जायचं, म्हणजे समोर रस्त्याऐवजी नुसता काठ येतो.

नदी वाचायला शिका

नदी वळते तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात जातं, काठ खरवडतं आणि खोल होतं. आतल्या अंगाला ते मंदावतं आणि वाळू-गाळ टाकत जातं. बसायला नेहमी आतलं अंग निवडा. तिथे उतार सौम्य असतो, पाणी उथळ असतं आणि समोर वळणाचा सगळा पसारा दिसतो. बाहेरच्या अंगाचा उंच काठ दिसायला झकास, पण खालून पोखरलेला असू शकतो. कडेला गवत आहे म्हणून खाली माती आहेच असं धरून चालू नका.

नैसर्गिक पात्रात डोह आणि खळाळ आलटून पालटून येतात. एका खळाळापासून पुढचा खळाळ साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर असतो. नदी २० मीटर रुंद असेल तर शंभर ते दीडशे मीटर चालल्यावर पुन्हा पाणी वाजू लागेल. ही गोष्ट मला फार आवडते. एका खळाळापाशी कुणी बसलेलं असेल तर खट्टू व्हायचं कारण नाही, पुढचा खळाळ फार लांब नाही.

शहरातल्या कित्येक नद्या मात्र दोन्ही बाजूंनी दगडी भिंतींत कोंडलेल्या असतात आणि तिथे हे वाचन चालत नाही. तिथे छोटा बंधारा शोधा. त्यावरून पडणारं पाणी खळाळाचंच काम करतं. पण बंधाऱ्याखालच्या पाण्यात पाऊलही टाकू नका. तिथे पाणी आतल्या आत उलटं फिरतं आणि पोहणाऱ्यालाही खाली धरून ठेवतं. वरून ते निरागस दिसतं, म्हणूनच हे सांगते आहे.

केव्हा जावं

कामाच्या दिवशी, सकाळी, बाग उघडल्याबरोबर. नदी उत्तर-दक्षिण वाहत असेल तर पश्चिम काठावर नदीकडे तोंड करून बसल्यावर सकाळचं ऊन समोरून येतं आणि पूर्व काठावर संध्याकाळचं. वाचायचं असेल तर उलट काठ धरा, ऊन पाठीशी राहील. बाग किती वाजता बंद होते ते फाटकावर वाचून घ्या, कारण नदीकाठच्या बागा पाणी वाढलं की आधी कळवल्याशिवायही बंद करतात.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी बसायचं ठरवून जाऊ नका, नुसतं बघायला जा. यादीतल्या दोन-तीन जागा जवळजवळच्या घ्या आणि सकाळभरात पायी फिरा. मुख्य फाटकाऐवजी बाजूचं फाटक असेल तर तिथून आत शिरा. आत गेल्यावर गवताकडे पाहा: जिथे गवत झिजून माती उघडी पडली आहे तिथे लोक रोज बसतात. पायऱ्यांच्या मधोमध शेवाळ टिकून असेल तर त्या वाटेने फारसं कुणी जात नाही, पण उतरताना जपून, शेवाळ्यावरून पाय सटकतो.

पटलेल्या जागी वीस मिनिटं बसा आणि फोन पिशवीत ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत जागेचं खरं रूप कळत नाही. वीस मिनिटांत पाण्याचा वास कळतो. कुठे सांडपाण्याचं तोंड असेल तर वारा फिरला की समजतं. माश्या-डास कळतात. एखादी गाडी किती वेळाने जाते तेही कळतं. एका जागी मी खूश होऊन पंधरा मिनिटं बसले, आणि मग डोक्यावरून रेल्वे गेली. झाडीआडून पूल दिसलाच नव्हता. त्यानंतर वीस मिनिटांचा नियम मी कधी मोडला नाही.

निळा खंड्या दिसला तर थोडं लक्ष द्या. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर निमूट बसतो आणि मासा दिसला की सूर मारतो. तो तुमच्यासमोर बसतो, तेव्हा खालचं पाणी त्याला दिसण्याइतकं निवळ आहे आणि त्याला तुमची धास्ती नाही, असं समजा. पण चोचीत मासा धरून तो पुन्हा पुन्हा जवळून घिरट्या घालत असेल आणि कुठेच टेकत नसेल, तर बहुधा तुम्ही त्याच्या बिळासमोर बसला आहात. खंड्या उभ्या मातीच्या काठात बोगदा करून अंडी घालतो. तीस-चाळीस पावलं सरका, पिल्लं उपाशी राहायला नकोत.

पाण्याचा भरवसा धरू नका

खाली, पाण्यालगत आणि आडोशाला असलेली जागा शांत असते, आणि पाणी वाढलं की पहिली तीच बुडते. पॅरिसची ती बागही सेनला मोठं पाणी आलं की पाण्याखाली जाते. म्हणून बसण्याआधी वर पाहा. झुडपांच्या फांद्यांत काटक्या, प्लास्टिक, वाळलेलं गवत अडकलेलं असेल तर मागचा पूर तिथपर्यंत आला होता. त्या रेषेच्या वर जायची वाट कुठे आहे, ती आधी डोळ्यांनी चालून घ्या. नेमका आडोसाच तुमच्या आड येऊ शकतो: वर जायला एकच जिना असेल आणि तो तुमच्यापासून लांब असेल, तर ती जागा पावसाळी दिवसांसाठी नाही.

डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झालेला असू शकतो, किंवा धरणातून पाणी सोडलेलं असू शकतं. निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, खळाळाचा आवाज बदलला किंवा मघाशी दिसणारा दगड बुडाला, की सामान आवरत बसू नका, उठा आणि वर जा. भोंगा वाजला तरी तेच. वेगाने वाहणारं अवघं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, हे अनेकांना ऐकून खरं वाटत नाही. पायाला जखम असेल तर शहरातल्या नदीत पाय सोडून बसू नये. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार अशाच वाटेने अंगात शिरतो. आणि तुम्ही कुठे आहात हे घरी एका माणसाला तरी कळवलेलं असू द्या, विशेषतः एकट्याने जाणाऱ्यांनी.

जागा सापडल्यावर

एक छोटी वही करा. जागेचं नाव, जवळचं फाटक, काठ डावा की उजवा, बसल्यावर तोंड कुठल्या दिशेला, वार, वेळ, आवाज कसला आला, पुराची रेषा कुठवर होती. दोन ओळी पुरतात. चार-पाच जागा लिहून झाल्या की त्यांची तुलना करता येते, आणि एक बाग बंद असेल तेव्हा दुसरी हाताशी असते.

फोटो टाकायचा असेल तर खुशाल टाका, पण नेमकं ठिकाण जोडू नका. आठ जणांना पुरेल एवढ्या बागेत ऐंशी जण आले की तिथलं गवत, बाक आणि खंड्या यांपैकी काहीच टिकत नाही. कुणी आपुलकीने विचारलं तर सांगा, शक्य असेल तर स्वतः घेऊन जा आणि जिना दाखवा. माळीकाका किंवा रखवालदार भेटले तर दोन शब्द बोला. कुठला कोपरा दुपारी सावलीत असतो, कुठलं बाक रंगवायला काढलं आहे, नदी गेल्या खेपेला कुठवर चढली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मला आजवर सापडलेली सगळ्यात निवांत जागा अशाच एका माळीकाकांनी हाताने दाखवली होती, साधनांच्या खोलीमागून खाली उतरणारी सात पायऱ्यांची वाट. नकाशावर ती नव्हती.

पाणी उतरल्यावर आणि पाणी भरल्यावर, अशा दोन वेगळ्या ऋतूंत तीच जागा पुन्हा पाहून या. उन्हाळ्यात वाजणारा खळाळ भरल्या नदीत बुडून गप्प होतो, आणि तेव्हा वरचा रस्ता पुन्हा ऐकू येऊ लागतो. त्या महिन्यांसाठी वहीतलं दुसरं पान उघडायचं.